मिगचा रंग कुठल्या सालचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं तेव्हापासून आपल्या पेपरात त्याच्या आठवणी अधूनमधून येतायत, आणि नाशिककरांना ते वाचताना जरा जास्तच भरून येतं कारण हे विमान आपल्या ओझरला बनायचं. त्यातल्याच एका लेखासोबत १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर झालेल्या हल्ल्याचं चित्र छापलं होतं. लेख उत्तम होता पण चित्रातलं मिग फिकट राखाडी होतं, म्हणजे शेवटी शेवटी बायसन (मिग-२१ चा शेवटचा, सुधारलेला प्रकार) जसं दिसायचं तसं. बहुतेक वाचकांना यात काही खटकणार नाही हे मला माहितीये. पण मी प्लॅस्टिकची स्केल मॉडेल्स बनवतो, आपल्या शहरात अशी बरीच मंडळी आहेत, शाळा-कॉलेजातली मुलंही आहेत, आणि ही मुलं पेपरातलं चित्र कापून ठेवतात आणि त्यावरून रंग काढतात. म्हणून हे पत्र, आणि शेवटी एक विनंती आहे.

मिग-२१ एकाच रंगाचं कधीच नव्हतं. १९६३ ला चंदीगडला पहिली विमानं आली ती उघड्या धातूची, चकचकीत. रंग फक्त नाकाच्या कोनाला आणि शेपटीच्या टोकाला, तो हिरवा, कारण तिथे रडार आणि अँटेना असतो आणि तो भाग धातूचा चालत नाही. ओझरचा कारखाना १९६४ चा, तिथे आधी मिग-२१ चा एफएल हा प्रकार बनला आणि तेही असंच चकचकीत. मग १९७१ चं युद्ध आलं आणि चकाकणारं विमान जमिनीवर उभं असताना वरून लांबून दिसतं म्हणून घाईघाईत त्यांच्यावर कॅमोफ्लाज म्हणजे लपवणारे रंगीत पट्टे मारले गेले, तेही बऱ्याच ठिकाणी स्क्वॉड्रनच्या पातळीवर, हाताशी जे रंग होते त्यात. त्यामुळे त्या डिसेंबरमधली दोन मिग शेजारी ठेवली तर पट्टे आणि छटा जुळतीलच असं नाही. पुढे एम आणि बिस हे प्रकार आले, त्यांचे वेगवेगळे कॅमोफ्लाज झाले, आणि अगदी शेवटी बायसनचा राखाडी. आता सांगा, दुकानातून मिग-२१ चं किट आणलं आणि कोणी विचारलं 'याला कुठला रंग देऊ' तर काय उत्तर देणार? आधी साल सांग, मग स्क्वॉड्रन सांग, जमलं तर शेपटीवरचा नंबर सांग, आणि त्यानंतर रंगाची बाटली उघड.

मला एवढंच म्हणायचंय की मॉडेलचा रंग नावावरून ठरत नाही, तारखेवरून आणि जागेवरून ठरतो. बॉक्सवर छापलेला रंग हा किट कंपनीने निवडलेल्या एका विमानाचा एका दिवसाचा रंग असतो, आणि तोही त्यांच्या ब्रँडच्या बाटलीत जो जवळचा सापडला तो.

दुसऱ्या महायुद्धात तर हे फार स्पष्ट दिसतं कारण हुकूम तारखेसकट उपलब्ध आहेत. जर्मन रणगाडे म्हटलं की आपल्याकडे सगळे पिवळसर रंग घेतात, टामिया या जपानी कंपनीची एक्सएफ-६० नंबरची बाटली. पण डुंकेलगेल्ब म्हणजे हा गडद पिवळा सरसकट वापरायचा हुकूम निघाला १८ फेब्रुवारी १९४३ ला, आणि स्टालिनग्राडमधल्या शेवटच्या जर्मन तुकड्यांनी शरणागती पत्करली २ फेब्रुवारी १९४३ ला. म्हणजे सोळा दिवस आधी! तेव्हा स्टालिनग्राडचा डायोरामा (मॉडेलभोवती जमीन, माणसं उभी करून केलेला देखावा) करताना रणगाडा नियमाने गडद राखाडी, आणि हिवाळा असेल तर त्यावर चुन्यासारखा पांढरा हात, जो जागोजागी घासून निघालाय. तेच त्या जुलैमधलं कुर्स्क करायचं असेल तर पिवळा बरोबर, आणि त्यावर लालसर तपकिरी आणि ऑलिव्ह हिरव्याचे पट्टे. हे पट्टे कारखान्यात नाही, बहुतेक वेळा तुकडीतले लोक स्वतः मारायचे. रंग पेस्टच्या रूपात डब्यातून यायचा, पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये पातळ करायचा, आता ज्याने जास्त पाणी घातलं त्याचा पट्टा फिका. म्हणून 'अचूक छटा' म्हणून कोणी वाद घालायला लागलं की मी म्हणतो छटेवर नको, कुठला रंग कधी होता यावर वाद घालू, तिथे उत्तर मिळतं.

इंग्रजांचंही तसंच. १९४१ पासून त्यांच्या गाड्या तपकिरी झाल्या कारण हिरव्या रंगाला लागणारं क्रोमियम ऑक्साइड वाचवायचं होतं, आणि एप्रिल १९४४ मध्ये परत ऑलिव्हकडे वळायचा हुकूम निघाला, ज्याला मॉडेलवाले एससीसी १५ म्हणतात. पण हुकूम निघाला म्हणून सगळ्या गाड्या दुसऱ्या दिवशी रंगल्या असं होत नाही, आहे तो साठा संपेपर्यंत जुनाच रंग चालतो. इथे आपला संबंध येतो बघा. यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो १० जुलै १९४४ च्या इटलीतल्या लढाईसाठी, नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे हे दोघं. कोणाला यांच्यावर डायोरामा करायचा असेल (आणि कोणीतरी करावाच, परदेशी मॉडेलर करणार नाहीयेत) तर गाडी तपकिरी की हिरवी हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडणार. आणि जवानांचे कपडे, तेही बघा, इटलीच्या थंडीत लोकरी खाकी बॅटलड्रेस, पण त्याच काळात ब्रह्मदेशात लढणारा आपला जवान जंगल ग्रीनमध्ये, कारण तोवर तिकडे खाकी मागे पडत चालली होती. एकच सैन्य, एकच साल, दोन वेगळे रंग.

ब्रह्मदेशाचं निघालंच आहे तर विमानांच्या गोल चिन्हाबद्दल सांगतो, कारण ही चूक मी प्रत्येक प्रदर्शनात बघतो. १९४४ ला इम्फाळला अर्जन सिंग यांची १ नंबरची स्क्वॉड्रन हरिकेन उडवत होती. रंग तेच इंग्रजी, वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी. पण पंखावरच्या गोलात लाल रंग नाही! जपानी विमानावर लाल सूर्य असतो, घाईत आपलाच माणूस आपल्यावर गोळी झाडेल म्हणून त्या आघाडीवर लाल काढून टाकला होता, राहिला निळा आणि आत फिका. किटमधलं डेकल (चिकटवायचं छापील चिन्ह) मात्र लाल-पांढरं-निळं असतं कारण ते युरोपातल्या विमानाचं असतं, आणि मुलं तेच चिकटवतात. आपलं आजचं तिरंगी चिन्ह १९५० चं, बाहेर केशरी, मधे पांढरं, आत हिरवं, आणि त्यातही बऱ्याच किटमध्ये केशरी इतकं लालसर छापलेलं असतं की बघवत नाही. ते हाताने रंगवलेलं बरं.

आता पुरावा कुठून आणायचा. सगळ्यात आधी लोक फोटो बघतात आणि फोटोच सगळ्यात जास्त फसवतो. जुन्या कृष्णधवल फोटोत काही फिल्म लाल रंग दिसतच नसल्यासारखी काळा करून टाकायची आणि पिवळाही गडद यायचा, त्यामुळे गडद दिसतंय म्हणून काळा किंवा निळा समजू नये. रंगीत फोटो असला तरी पन्नास वर्षांत रसायनं उडतात, फोटो गुलाबी पडतो. घरच्या अल्बममध्ये आईच्या लग्नाची पैठणी बघा आणि मग कपाटातली काढून बघा, मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. आपल्या पेपरात छापलेला रंग चार शायांमधून येतो आणि न्यूजप्रिंटवर अजून मळतो, यात आपला दोष नाही, कागदच तसा आहे. मोबाइलवर तर प्रत्येक स्क्रीन वेगळी. म्हणून फोटोवरून रंगांची मांडणी घ्या, पट्टा कुठून कुठे जातो ते घ्या, नंबर कुठे आहे ते घ्या, मळलंय कुठे आणि घासलंय कुठे ते तर नक्की घ्या, छटा मात्र घेऊ नका.

दुसरा फसवा पुरावा म्हणजे चौकात ठेवलेला रणगाडा आणि २६ जानेवारीचं संचलन. उघड्यावर ठेवलेलं वाहन ऊन-पावसात टिकवायचं तर रंगवावंच लागतं, आणि रंगवणारा दुकानात मिळेल तो हिरवा ऑइलपेंट आणतो, त्याचं काम गंज थांबवणं आहे, इतिहास दाखवणं नाही. पंजाबातल्या असल उत्तरला १९६५ मध्ये पकडलेले पाकिस्तानी पॅटन रणगाडे देशात ठिकठिकाणी उभे आहेत, त्यांच्यावर आज दिसणारा हिरवा आपला आहे, ते लढले त्या दिवशी अंगावर असलेला नाही. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय आपल्यापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे, प्रत्येक मॉडेलरने जावंच, पण तिथे आकार बघा, वेल्डिंगच्या रेषा बघा, चेनच्या कड्या बघा, आणि मूळ रंगाचा अंदाज घ्यायचाच असेल तर बाहेरच्या पत्र्यावर नको, जिथे ब्रश पोचत नाही अशा जागा शोधा, झाकणाची आतली कड, बिजागरीच्या मागे, पाटीच्या कडेला. रंगाचे थर तिथे राहतात. (हात लावू नका, खरवडू तर अजिबात नका, नुसतं बघा.) संचलनातल्या गाड्या कालच रंगवलेल्या असतात, तसं मॉडेल हवं असेल तर छानच, पण मग त्याला चिखल लावू नका.

चिखलाबद्दल एक सांगायलाच पाहिजे कारण तोही रंगच आहे. आपल्याकडचे मॉडेलर परदेशी व्हिडिओ बघून सगळ्या गाड्यांना एकच तपकिरी पिगमेंट (रंगाची भुकटी) फासतात, युरोपातल्या चिखलाचं. लोंगेवालाची वाळू, असल उत्तरच्या पाणी सोडलेल्या शेतातला गाळ, कारगिलच्या खडकाची धूळ आणि देवळालीच्या तोफखान्याच्या रेंजवरची आपली दख्खनची माती यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. १९९९ ला कारगिलमध्ये बोफोर्स तोफा होत्या, त्याच तोफा देवळालीच्या सरावातही लोकांनी पाहिल्यात, तोफ तीच पण चाकात अडकलेली माती वेगळी. देवळालीचं मॉडेल करणाऱ्याला तर पिगमेंट विकत घ्यायचीच गरज नाही, घराबाहेरची माती वाळवून बारीक चाळून घ्या, याहून अचूक काही मिळणार नाही. ९ नोव्हेंबर २०१८ ला के-९ वज्र आणि एम-७७७ तोफा सैन्यात दाखल झाल्या त्या देवळालीलाच, त्या दिवसाचा डायोरामा नाशिकच्याच कोणीतरी करावा असं मला फार मनापासून वाटतं.

बाटल्यांचा प्रश्न खरा आहे, टामिया, व्हॅलेहो, हंब्रोल इथे महाग पडतात, आणि थिनर किंवा इनॅमल असेल तर पेटणारा माल म्हणून कुरिअरवाले विमानाने घेत नाहीत. पण नाशिककर असून आपण एका गोष्टीचा फायदाच घेत नाही. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत पावडर कोटिंग करणाऱ्या कुठल्याही शेडमध्ये जा, भिंतीला आरएएलचं (रंगांना नंबर देणारी जर्मन पद्धत) शेडकार्ड टांगलेलं असतं, पॅनलवाले दिवसभर सात हजार बत्तीस आणि सात हजार पस्तीस म्हणत असतात. हीच आरएएल पद्धत जर्मनीत १९२७ ला सुरू झाली आणि महायुद्धातले जर्मन रंग याच नंबरांनी ओळखले जातात. गडद राखाडी ७०२१, ऑलिव्ह हिरवा ६००३, लालसर तपकिरी ८०१७, हे तिन्ही नंबर आजच्या कार्डावरही आहेत. त्या काळच्या छटेशी शंभर टक्के जुळतील असा दावा मी करणार नाही पण इंटरनेटवरच्या चौकोनापेक्षा हे कार्ड हजारपटीने बरं, कारण तो खरा रंग असतो, स्क्रीनवरचा प्रकाश नाही. ७०२८ म्हणजे तो गडद पिवळा मात्र आजच्या कार्डावर सापडणार नाही. अमेरिकन रंगांसाठी फेडरल स्टँडर्डचे पाच आकडी नंबर असतात, त्यातला पहिला आकडा चमक सांगतो, १ चकचकीत, २ अर्धवट, ३ मॅट, आणि दुसरा आकडा रंगाचं घराणं, म्हणजे ४ असेल तर हिरवा, ६ असेल तर राखाडी. एवढं कळलं तरी ३४०८७ बघून माणूस सांगू शकतो की मॅट हिरवा आहे. जुन्या इंग्रजी मालाला ब्रिटिश स्टँडर्डचं ३८१-सी.

आणि कॅमलच्या ट्यूबांना नावं ठेवू नका. अमेरिकेचा महायुद्धातला ऑलिव्ह ड्रॅब मुळात यलो ऑकर आणि काळ्याचं मिश्रण होता, हिरवा रंग न घालता हिरवट दिसणारा. कॅमलचा यलो ऑकर घ्या, त्यात काळा थेंब थेंब टाकत जा, डोळ्यांसमोर ऑलिव्ह होतो. ज्यांच्याकडे परदेशी बाटलीचे पैसे नाहीत त्या मुलांना हे शाळेच्या चित्रकलेच्या तासाला दाखवायला पाहिजे. फक्त मॉडेलवर आधी प्रायमर मारा नाहीतर प्लॅस्टिकवरून सोलून निघेल.

एक अजून, छोट्या मॉडेलला खऱ्या विमानाचा तंतोतंत रंग लावला तर तो काळपट दिसतो. १/७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचं मॉडेल आपण हातभर अंतरावर, समजा ३० सेंटीमीटरवर धरलं तर ते खरं विमान साडेएकवीस मीटरवरून बघितल्यासारखं आहे, आणि लांबच्या वस्तूचा रंग हवेमुळे फिका होतो. म्हणून १/७२ ला बरेच जण साधारण १५ टक्के फिका करतात, १/४८ ला १० टक्क्यांच्या आसपास, १/३५ च्या रणगाड्याला त्याहून कमी. नुसता पांढरा घातला की रंग खडूसारखा होतो, हिरव्यात थोडा बफ (फिकट बदामी) किंवा फिका पिवळसर घालावा हे माझं मत. आणि रंग दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी जुळवा, ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघतात.

आता विनंती. जर्मन रंगांवर जाडजूड पुस्तकं आहेत, हुकूम आहेत, तारखा आहेत. आपल्या विमानांच्या, आपल्या तोफांच्या रंगांवर मराठीत सलग असं काही माझ्या हाताला लागलेलं नाही, आणि ज्यांना हे माहितीये ती माणसं इथेच राहतात, ओझर टाउनशिपमध्ये, पिंपळगावला, नाशिकरोडला, देवळाली कॅम्पात. मिग-२१ आणि मिग-२७ रंगवणारे, पत्र्यावर पिवळट हिरवा झिंक क्रोमेट प्रायमर मारणारे, कॉकपिटच्या आतला तो निळसर हिरवा आणि चाकाच्या रिमचा हिरवा रंग वर्षानुवर्षं हाताळलेले कारागीर आता सत्तरीच्या, ऐंशीच्या घरात आहेत. १९७१ ला जे पंचविशीत होते ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांना विचारलं नाही तर हे कोणालाच कळणार नाही, आणि ज्या विमानाने सहा दशकं देशाची सेवा केली त्याचं मॉडेल आपली मुलं परदेशी डब्यावरचं चित्र बघून रंगवत बसतील, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर आपल्या रविवार पुरवणीत एक छोटं सदर सुरू करावं, या निवृत्त मंडळींना रंगांबद्दल विचारावं. मिग-२१, मिग-२७ अशी जी सेवेतून गेली त्यांच्याबद्दलच, सध्या वापरात असलेल्या सुखोई किंवा तेजसबद्दल काही विचारायचं नाही, आणि कोणी तळावर जाऊन फोटो काढायचेही नाहीत, हे स्पष्ट लिहावं. 'विमान कसं होतं' असं मोघम विचारलं तर 'फार छान होतं' एवढंच उत्तर येईल. तेव्हा नेमकं विचारा, १९७१ ला कॅमोफ्लाज मारला तेव्हा रंग कुठून आला, डब्यावर काय लिहिलं होतं, ब्रशने मारला की गनने, खालून काही रंग होता की धातू तसाच ठेवला, मॅट होता की थोडी चमक होती, पावसाळ्यात कुठे सोलला, पुन्हा रंगवताना जुना काढला की त्यावरच मारला. घरी एखादा जुना पत्र्याचा तुकडा, रंगाचा नमुना, स्लाइड, निरोप समारंभाचा विमानासमोरचा ग्रुप फोटो असेल तर त्याची मागे तारीख आणि जागा लिहून ठेवायला सांगा, फोटो फिका असला तरी चालेल.

स्लाइड आणि फोटो स्कॅन करून द्यायला, नमुन्यांवरची छटा शेडकार्डाशी दिवसाच्या उजेडात जुळवून नंबर लिहायला मी आणि माझे काही मित्र तयार आहोत, मूळ वस्तू त्याच दिवशी घरी परत करू. आपण होकार कळवलात तर ओझरच्या ज्या निवृत्त काकांना मी आधीच विचारलंय आणि जे बोलायला राजी आहेत त्यांची गाठ आपल्या प्रतिनिधीशी घालून देतो. सकाळी दहाच्या आत गेलेलं बरं, दुपारी ते झोपतात.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
नाशिकरोड